मुकादम सरांचा मेनू

मुकादम सरांचा विषय निघाला की आमच्या क्लासचे जुने लोक आधी हसतात. "माउस काढा," असं त्यांच्या आवाजात म्हणतात, टेबलावर बोटांनी टकटक करून दाखवतात आणि परत हसतात. हसोत मेले. मीसुद्धा हसायचे, चांगली पोट धरून. आता मला हसू येत नाही त्याला कारण आहे, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

सर मूळचे जयगडचे. वीस-बावीस वर्षं मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते. कानाला हेडफोन लावून टकटकीतून आलेला निरोप कागदावर उतरवायचा आणि कॅप्टनला नेऊन द्यायचा, हे त्यांचं काम. मग सॅटेलाइट आलं, कॅप्टन स्वतःच फोन उचलून बोलायला लागला, आणि रेडिओ ऑफिसर नावाचा माणूसच बोटीवर नकोसा झाला. अठ्ठ्याण्णव साली सर घरी आले ते कायमचे. त्यांच्याबरोबरच्या कुणी रिक्षा घेतली, कुणी मस्कतला भावाच्या दुकानात गेला. सरांनी मुंबईहून जाडजूड पुस्तकं आणली आणि पन्नाशीला टेकलेले असताना वेबसाइट करायला शिकले. रत्नागिरीत तेव्हा वेबसाइट म्हणजे काय हे समजावायला दहा मिनिटं लागायची, आणि सगळं ऐकून घेऊन माणूस विचारायचा, "बरं, पण ती ठेवणार कुठे?"

मारुती मंदिराजवळ दुसऱ्या मजल्यावर पाटणकरांचा कॉम्प्युटर क्लास होता. सर तिथे शिकवायला लागले. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि वर्षभराने तिथेच शिकवायला लागले.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सरांची नजर जात होती. काचबिंदू. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंधार कडेकडेने आत येत जाईल, आणि पाच-सात वर्षांत मधलं दिसतंय तेही जाईल. सरांनी हे आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. आम्ही ज्या ज्या गोष्टींची नक्कल करायचो तो त्यांचा विक्षिप्तपणा नव्हताच. माणूस तयारी करत होता.

जिना चढताना ते ओठातल्या ओठात पायऱ्या मोजायचे. वर आले की "बावीस" म्हणायचे आणि मग आम्हाला गुड मॉर्निंग. आम्ही पोरीपोरी त्यांना 'बावीस' म्हणायचो. गोखले नाक्यावर कुणी बाजूने सलाम केला तर सरळ पुढे निघून जायचे. "बोटीवरून आला म्हणून एवढी मिजास?" असं मासळी आणायला गेल्यावर मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि "हो ना, फार शिष्ट," असं उत्तरही माझ्याच तोंडून गेलंय. बाजूचं दिसतच नाही त्या माणसाला, हे कुणाच्या डोक्यात यायला नको?

सरांचा पहिला तास ठरलेला असायचा. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन ते यायचे. "माउस काढा. मागून वायरीसकट. टाका यात." आठ कॉम्प्युटरांचे आठ माउस डब्यात जायचे, वायरी बाहेर लोंबायच्या, आणि तासभर सगळं काम टॅबचं बटण दाबत करायचं. पोरं कुरकुरायची. एकदा एकाने विचारलंच, "सर, माउस दिलाय कंपनीने, तर वापरायचा का नाही?"

"आज हाय," सर म्हणाले. "उद्या नसला तर काय करशील? बोट मधे उभी करशील?"

दुसरी सवय वाचून दाखवायची. रेडिओवर निरोप आला की तो शब्द न् शब्द परत वाचून दाखवायचा, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं बरोबर पोचला. सर वेबपानाचंही तेच करायला लावायचे. स्वतः डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, "वाच गो बाय. वरपासून खाली, हाय तसं. मधे समजावून सांगू नको." पान डोळे मिटून ऐकताना कळलं तर पास, नाही तर परत लिही. कळलं की टेबलावर टक करायचे, मग बोट लांब घासायचे, मग परत टक. "म्हणजे काय सर?" मी पहिल्या दिवशी विचारलं. "म्हणजे मिळालं. तुझा निरोप पोचला मला." ती टकटक मिळाली की आम्हाला परीक्षेत पहिलं आल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

यादीच्या पोटात यादी कशी घालायची, हे त्यांनी मासळीवरून शिकवलं. फळ्यावर लिहिलं 'मासळी'. तिच्या पोटात 'समुद्रातली' आणि 'खाडीतली'. समुद्रातलीच्या पोटात सुरमई, पापलेट, बांगडा. इथवर ठीक होतं. मग मिरकरवाड्याच्या एका पोराने खाडीतलीच्या खाली तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, लिहिल्या आणि टिळक आळीतली एक म्हणाली, तिसऱ्या म्हणजे काय मासळी आहे का? झालं! तासभर वाद. पाटणकर बाहेरून डोकावून गेले, फी भरून पोरं तिसऱ्यांवर भांडतायत म्हणून. सर शांतपणे म्हणाले, "भांडा. मेनू करणं म्हणजे हेच. कोण कुणाच्या पोटात, ते आधी ठरवा. तो उघडायचा कसा, ते मागाहून."

पाटणकरांचा खाक्या उलटा. त्यांनी मुंबईहून एक सीडी आणली होती, तयार जावास्क्रिप्टची. माउसच्या बाणामागे धावणारे तारे, उड्या मारणारी अक्षरं, सरकत उघडणारे मेनू, सगळं तिच्यात. पाटणकर गिऱ्हाइकाला सीडी दाखवायचे आणि गिऱ्हाईक गार. एका आंबेवाल्याला पडणारा बर्फ आवडला. हापूसच्या पेट्यांच्या फोटोवर दिवसभर बर्फ पडतोय! सर स्क्रीनला नाक लावून बघत बसले, मग मला म्हणाले, "मोहोर जळेल ना गो." तो आंबेवाला मात्र अजून सांगतो, जिल्ह्यात पहिली चांगली वेबसाइट माझी.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इतका वेळ टाळत होते.

दोन हजार चारच्या सुमारास खलाशांच्या एका संस्थेने वेबसाइट करायला दिली. बोटींवर गेलेल्या, जाणाऱ्या आणि परत आलेल्या माणसांची ती संस्था. अध्यक्ष होते एक निवृत्त कॅप्टन. सगळे त्यांना कॅप्टनसाहेबच म्हणायचे. साइट इंग्रजीतच करायची ठरली, कारण तेव्हा आपली मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चौकोन-चौकोन दिसायची.

सरांनी त्या कामात जीव ओतला. त्यात 'जुने सहकारी' असा एक भाग त्यांनी स्वतःच्या हट्टाने घेतला. त्याच्या पोटात बोटींची नावं, एकेका बोटीच्या पोटात वर्षं, आणि वर्षाच्या पोटात त्या वर्षी त्या बोटीवर असलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांची नावं आणि पत्ते. त्यासाठी सहा महिने पत्रं लिहिली, राजिवड्यापासून अंजनवेलपर्यंत घराघरांत जाऊन विचारलं. मी म्हटलं, "सर, एवढं कोण बघणार?"

"मी बघणार," सर म्हणाले. "म्हातारपणी. हे मी माझ्यासाठीच करतोय असं समज."

मला वाटलं, थट्टा करतायत.

मेनू त्यांनी त्यांच्या पद्धतीने केला. पानात साधी यादी, यादीच्या पोटात यादी. उघडझाक करायचं काम सगळं सीएसएसवर, म्हणजे नुसत्या सजावटीच्या नियमांवर. जावास्क्रिप्ट एक ओळ नाही. आतली यादी झाकायची नाही, पडद्याबाहेर डावीकडे सरकवून ठेवायची, आणि बाण आला की आत आणायची. "बाजूच्या खोलीत माणूस बसला, म्हणून तो घरात नाय असं होतं काय?" सर म्हणायचे. बाण नसला तरी हरकत नव्हती. टॅबने जा आणि एंटर दाबा, माउस असला तर वरच्या शब्दावर क्लिक करा, सगळी यादी पुढ्यात.

फक्त एक घोटाळा होता. सगळ्या गावात होता तो निळ्या 'ई'चा ब्राउझर. त्याला ही सीएसएसची भाषा अर्धवटच कळायची. सरांनी स्वतःच्या मशीनवर दुसरा ब्राउझर टाकून घेतला होता आणि तपासलं होतं त्याच्यातच. आयुष्यभर दुसऱ्याचा निरोप परत वाचून दाखवलेल्या माणसाने ही एक गोष्ट परत तपासली नाही.

संस्थेच्या ऑफिसात समिती बसली होती. कॅप्टनसाहेबांनी बाण मेनूवर नेला. काही झालं नाही. परत नेला.

"मुकादम, हे खाली पडत का नाही?"

"साहेब, क्लिक करा. पान उघडेल, सगळी यादी आत हाय."

"क्लिक कशाला? माझ्या मुलीच्या कंपनीच्या साइटवर नुसता बाण नेला की सरसर खाली येतं."

सर दाखवायला म्हणून पुढे झाले आणि वाटेतल्या स्टुलाला अडकले. स्टुलावरचा पाण्याचा तांब्या लवंडला, कागद भिजले. "ह्यांना दिसतं तरी का?" असं मागून कुणीतरी म्हणालं आणि समिती हसली. सर वाकून कागद गोळा करत राहिले. मी तिथेच उभी होते. मी एक कागद उचलला नाही.

परत येताना मी म्हटलं, "सर, दहा-बारा ओळींची स्क्रिप्ट घातली तर निळ्या ई-मध्ये पण उघडेल." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बावीस पायऱ्या चढून आले आणि उभ्यानेच म्हणाले, "घाल तुझी स्क्रिप्ट. पण वरून घाल. खालची यादी तशीच राहायला पाहिजे. कौलं बदल, वासे काढू नको." आणि संपूर्ण काम माझ्या हातात दिलं. दुसऱ्याच्या हातात काम देताना त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

एवढं साधं होतं हो. दहा ओळी लिहायच्या आणि घरी जायचं. पण दुपारी पाटणकरांनी बोलावलं. कॅप्टनसाहेबांचा फोन आलेला. "अगो मेधा, त्यांना सीडीतला तो सरकता मेनू पाहिजे, निळ्या पट्ट्यांचा. शुक्रवारी उद्घाटन. मुकादमांना मधे घेऊ नको, ते परत वाचून दाखवत बसतील."

तो सरकता मेनू म्हणजे सगळी चित्रं. प्रत्येक नाव म्हणजे एक चित्र, आणि त्यावर माउसचा बाण गेला तरच आतलं सरकत बाहेर येणार. बाण नाही तर काहीच नाही. त्याच्याखाली सरांची यादी ठेवता आली असती. अर्ध्या दिवसाचं काम होतं. पण यादी ठेवली की निळ्या पट्ट्या जागेवरून हलायच्या, आणि मला कंटाळा आला होता. पाटणकरांनी सक्ती केली, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. कसली सक्ती? मला ते चमकणं आवडलं होतं. कॅप्टनसाहेब मला मॅडम म्हणाले होते, तेही आवडलं होतं. यादी मी पुसून टाकली. आणि घाईत चित्रांना नावं दिली नवीन-एक, नवीन-दोन, नवीन-तीन.

शुक्रवारी कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून नारळ फोडला. भिंतीवर मोठ्या पडद्यावर मेनू सरसर उघडला आणि हॉलने टाळ्या वाजवल्या. सर तिसऱ्या रांगेत बसले होते, समोर एकटक बघत. नंतर चहा घेताना मला शोधत आले. शोधत म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने, हे आता कळतंय.

"छान दिसतोय म्हणतायत सगळे," ते म्हणाले. "यादी ठेवलीस ना गो खाली?"

"ठेवली सर."

हातातल्या बशीवर त्यांनी बोटाने टक केलं, लांब घासलं, परत टक. मिळालं.

त्या मेनूवर मला पुण्यात नोकरी लागली. मुलाखतीत तोच दाखवला होता मी. दरम्यान पाटणकरांनी सरांना "आता जरा आराम करा" म्हणून सांगितलं. माउसचा डबा सर बरोबर घेऊन गेले, आणि पाटणकर त्या आठ माउसांसाठी महिनाभर चिडचिडत होते.

चार वर्षांनी मी रजेवर घरी आले असताना पाटणकरच रस्त्यात भेटले. "मुकादम पार आंधळे झाले की गो," म्हणाले, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. दुसऱ्या दिवशी मी जयगडची एसटी धरली. तिकडे नव्या बंदराचं काम चाललं होतं. डंपरांच्या धुळीने झाडं लाल झाली होती.

दार भाभींनी उघडलं, सरांच्या बायकोने. काचबिंदूचं, मिरजेच्या डॉक्टरांचं, सगळं मला त्यांच्याकडून तिथे पडवीत उभं राहून कळलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं. "मला वाटलं तुम्हा क्लासवाल्यांना सांगितलं असेल. तुमचं नाव तर सारखं घेतात."

सर आत कॉम्प्युटरपुढे ताठ बसले होते. मॉनिटरवर प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. ते काढायची गरजच नव्हती. पुतण्याने दोह्याहून बोलणारं सॉफ्टवेअर आणून दिलं होतं, आणि मशीन इंग्रजीत भराभर वाचत होतं. सर टॅब दाबत होते, बोटं धावत होती. मला त्यांनी रेल्वेच्या वेळा ऐकवल्या, मुंबईचा इंग्रजी पेपर ऐकवला. लहान पोराने नवं खेळणं दाखवावं तसे खुशीत होते. "बघ, माउसशिवाय चाललंय माझं सगळं." मग म्हणाले, "आता आपली साइट ऐक. तिथंच काहीतरी अडतंय."

त्यांनी टॅब दाबला. मशीन म्हणालं, ग्राफिक, नवीन एक. परत दाबला. ग्राफिक, नवीन दोन. ग्राफिक, नवीन तीन. मग पानाच्या तळाचा पत्ता, आणि गप्प.

"असं वर्षभर म्हणतंय," सर म्हणाले. "आत शिरताच येत नाय. मला वेंगुर्ल्याच्या फर्नांडिसचा पत्ता पाहिजे गो. आठ वर्षं एका केबिनीत होतो आम्ही. मीच लिहिलाय तो यादीत, पण आता आठवत नाय."

चित्रातली अक्षरं मशीनला वाचता येत नव्हती, ते मी घाईत दिलेली नावं वाचत होतं. मी भाभींना विचारलं, माउस आहे का घरात? त्यांनी कपाटातून बिस्किटांचा डबा काढून दिला. आठही माउस तसेच, वायरी गुंडाळलेल्या. मी एक लावला, मॉनिटरचं कव्हर काढलं, बाण नेला. निळ्या पट्ट्या सरसर उघडल्या, अगदी छान, उद्घाटनाच्या दिवशी उघडल्या होत्या तशाच.

"वाच," सरांनी डोळे मिटले. ते का मिटले देव जाणे, मिटले न मिटले सारखंच. "वरपासून. हाय तसं."

मी वाचायला लागले. जुने सहकारी. मग बोटीचं नाव. मग वर्ष. मग माणसं. प्रत्येक नाव सर माझ्यामागून हळूच परत म्हणत होते. काही नावांना थांबत होते, "हा गेला," "हा राजिवड्यालाच हाय," असं म्हणत होते. फर्नांडिसचा पत्ता आला तेव्हा भाभींनी तो कागदावर लिहून घेतला. वाचून संपलं तेव्हा बाहेर सावल्या लांब झाल्या होत्या. मी माउस काढला, वायर गुंडाळून डब्यात ठेवला.

पुण्याला गेल्यावर मी पाटणकरांना फोन केला, साइटचा पासवर्ड द्या, दुरुस्ती करायची आहे म्हणून. ते म्हणाले, "पासवर्ड त्या समितीतल्या कुणाकडे तरी असेल. आणि आता ती साइट बघतंय कोण?" मी कॅप्टनसाहेबांना दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तिसरं पत्र मी लिहिलं नाही. पुढे साइटच बंद झाली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी निघायला उठले, पर्स खांद्याला लावली, तेव्हा सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. नेमकं माझ्या चेहऱ्याकडे.

"एक विचारू? तुला दिसतंय म्हणजे सगळं जागेवर हाय. मग माझं मशीन का वाचत नाय? तू यादी ठेवली होतीस ना खाली?"

सांगायची वेळ तीच होती. भाभी आत चहाची भांडी विसळत होत्या. खोलीत आम्ही दोघंच.

"ठेवली होती सर," मी म्हटलं. "मशीनचाच काहीतरी दोष असेल."

सरांची बोटं टेबलावर होती. मी उभी राहिले, त्या खुणेची वाट बघत. एक टक, एक लांब, परत एक टक. बाहेरून एक डंपर गेला, खिडकीची काच थरथरली. सरांनी टक न करताच हात उचलला आणि मांडीवर ठेवला.